श्वान तिथेच घुटमळले

घरफोडीची बातमी मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. चोरीचं फार कुतूहल आहे म्हणून नव्हे. ती बातमी कुठल्या वळणाने जाणार हे मला पाठ आहे, आणि पाठ असलेली गोष्ट पुन्हा वाचण्यात एक सुख असतं. घरचे लोक लग्नाला गेलेले असतात. कडीकोयंडा उचकटलेला असतो. कपाटातलं सामान अस्ताव्यस्त पडलेलं असतं आणि ऐवज लंपास झालेला असतो. मग ठसेतज्ज्ञ येतात, श्वानपथकाला पाचारण करण्यात येतं आणि मी ज्याच्यासाठी थांबलेलो असतो ते वाक्य येतं. श्वानाने महामार्गापर्यंत माग काढला, मात्र ते तिथेच घुटमळले.

महामार्गाच्या जागी कधी एसटी स्टँड असतो, कधी रेल्वे फाटक. घुटमळणं मात्र अढळ. श्वान महामार्ग ओलांडून थेट चोराच्या पंगतीला जाऊन बसले, असं कुणा वार्ताहराने लिहिल्याचं मला आठवत नाही. वाचणारा ‘कुत्र्यानं काय दिवे लावले!’ म्हणत पान उलटतो आणि राशिभविष्याकडे वळतो. त्याच्यावर त्याचा जास्त विश्वास असतो.

मला त्या कुत्र्याची बाजू घ्यावीशी वाटते. चोर रात्री दोनला येऊन गेला. सकाळी आरडाओरडा झाला आणि अर्धी गल्ली त्या घरातून चपलांसकट हिंडून गेली. दूधवाला आला, पेपरवाला आला, नगरसेवक आले, ‘मी तेव्हाच म्हटलं होतं’ म्हणणारे मामा आले. एवढ्या पायांखाली तुडवल्या गेलेल्या जमिनीतून या प्राण्याने एकाच माणसाचा वास वेगळा काढला, तो धरून बोळातून, गटाराच्या कडेने, वडापावच्या गाडीवरून (हा तर संयमाचा कळस) महामार्ग गाठला. तिथे चोर मोटारसायकलवर बसला. आता मोटारसायकलवर बसलेल्या माणसाचे पाय जमिनीला लागत नाहीत आणि त्याच्या मागून दिवसभर ट्रक जात राहतात, यात कुत्र्याचा काय दोष? घुटमळून तो जे सांगतो ते तर तंतोतंत खरं असतं. माणूस इथपर्यंत चालत आला आणि इथे जमिनीवरून नाहीसा झाला, असा तो अहवाल आहे. मराठीत लिहून दिला असता तर साहेबांनी सहीसुद्धा केली असती.

बरं, चोर या दिशेने गेला आणि त्या दिशेने आला नाही, हे तरी त्याला कसं कळतं? बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या हेपर आणि वेल्स यांनी २००५ साली नेमका हाच प्रश्न घेतला होता. माणसाला चालत पाठवायचं आणि त्याची किती पावलं हुंगल्यावर कुत्रा दिशा ओळखतो ते पाहायचं. तीन पावलांत जमलं नाही. पाच पावलांत जमलं. पहिल्या आणि पाचव्या पावलात अंतर असतं जेमतेम एक-दोन सेकंदांचं. म्हणजे पाचवं पाऊल पहिल्यापेक्षा एक-दोन सेकंदांनी ताजं आहे, हे त्या नाकाला कळतं. आमच्या घरी फ्रिजमधली आमटी कालची की परवाची यावर एकमत होत नाही.

माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाखांच्या आसपास असतात. माग काढण्यासाठी नावाजलेल्या ब्लडहाउंडच्या नाकात त्या तीस कोटींच्या घरात जातात. पण नुसत्या संख्येने मी दबून जाणारा नाही. मला खरा हेवा वाटतो तो त्या नाकाच्या बांधणीचा. आपण एकाच वाटेने हवा आत घेतो आणि त्याच वाटेने बाहेर टाकतो, त्यामुळे आलेला वास आपणच उडवून लावतो. कुत्र्याच्या नाकपुडीला बाजूला चीर असते. उच्छ्वास त्या चिरेतून मागच्या बाजूला जातो आणि समोरचा वास अबाधित राहतो. आत गेलेल्या हवेचेही दोन भाग होतात. एक फुप्फुसांकडे जातो, दुसरा नाकाच्या मागच्या खोलीत, जिथे पातळ हाडांच्या गुंडाळ्यांवर वास टिपणारी कातडी पसरलेली असते. श्वासाचं खातं वेगळं, वासाचं खातं वेगळं. हुंगायला लागला की कुत्रा सेकंदाला पाच-पाच वेळा हुंगतो. वर टाळूपाशी आणखी एक अवयव, दुसऱ्या कुत्र्यांच्या खासगी बातम्यांसाठी राखीव. हे सगळं पाहिलं की आपलं नाक प्रामुख्याने चष्मा पेलण्यासाठी दिलं असावं, असं वाटू लागतं.

अपवाद असतात. माझी एक आत्या होती. कुणाच्याही घरचा गोडा मसाला डबा उघडल्याबरोबर ‘दगडफूल जास्त झालंय, आणि खोबरं जरा जास्त भाजलंस’ असं सांगायची. आपल्याला गोड्या मसाल्याचा एकच एक वास येतो. आत्याला धणे, तीळ, खोबरं, दगडफूल आपापल्या जागी वेगवेगळे उभे दिसायचे. कुत्र्याचं नेमकं असंच असतं. म्हणूनच कॉफीच्या पुड्यात गांजा लपवणारे फसतात. त्यांना वाटतं कॉफीने गांजा झाकला. कुत्र्याला कॉफी येते आणि शेजारी गांजाही येतो. आत्याला पोलिसांत घेतलं असतं तर तिने बरंच नाव काढलं असतं, पण पट्टा धरणाऱ्याचं काही खरं नव्हतं.

आपल्याकडे श्वानपथकाची परंपरा थेट ऋग्वेदापर्यंत जाते. पणी नावाच्या मंडळींनी गाई पळवून डोंगरात दडवल्या आणि इंद्राने शोधाला पाठवली ती सरमा, देवांची कुत्री. दहाव्या मंडलातल्या १०८व्या सूक्तात तिचा आणि पणींचा संवाद आहे. रसा नदी ओलांडून ती त्यांच्यापुढे उभी राहते. ते आधी तिला दटावतात, मग गोडीत येतात: तू आमची बहीण, इथेच राहा, गाईंत तुझाही वाटा. सरमा साफ नाही म्हणते. इथपर्यंत सेवापुस्तिका स्वच्छ आहे. पण पुढे ‘बृहद्देवता’ या ग्रंथात हीच गोष्ट येते तेव्हा तपशील बदललेला असतो. तिथे सरमा बहीणपण नाकारते, धन नाकारते, पण गाईंचं दूध तेवढं पिते. परत आल्यावर इंद्राने विचारलं, गाई दिसल्या का? नाही, म्हणाली. इंद्राने लाथ मारली तेव्हा प्यालेलं दूध बाहेर पडलं, ती थरथरत पुन्हा पणींकडे पळाली आणि इंद्र तिच्या मागावर गेला. म्हणजे शेवटी कुत्रीचा माग काढायची पाळी देवावर आली. मला ही दुसरी सरमा जास्त आवडते. सोनं नाणं दूर लोटून वाटीभर दुधावर घसरणारी. असले कुत्रे मी पाहिले आहेत. माणसं मात्र उलट क्रमाने घसरणारी पाहिली आहेत.

मुंबईच्या जंजीरची गोष्ट मात्र अशी हसण्यावारी नेता येत नाही. १२ मार्च १९९३ ला मुंबईत एकापाठोपाठ एक बॉम्बस्फोट झाले आणि २५७ माणसं गेली. न फुटलेली स्फोटकं शहरात कुठेकुठे पडली आहेत, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. जंजीर तेव्हा लहान होता, पुण्याच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात नुकताच तयार झालेला पिवळसर लॅब्राडोर. त्याने धनजी स्ट्रीटवर उभ्या असलेल्या एका स्कूटरपाशी खूण दिली. तिच्यात आरडीएक्स होतं. पुढे त्याच्या नाकाने धरून दिलेल्या आरडीएक्सचा हिशेब तीन हजार किलोंच्या वर गेला. शिवाय डिटोनेटर, हातबॉम्ब, काडतुसं. तो हाडांच्या कॅन्सरने गेला, नोव्हेंबर २०००मध्ये, आणि पोलिसांनी त्याला मानवंदना देऊन पुरलं. पुष्पचक्र वाहणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्याचं छायाचित्र अजूनही फिरत असतं.

मी ते छायाचित्र पाहतो तेव्हा एक विचार मनात येतो, आणि तो जंजीरच्या कीर्तीला कमीपणा आणणारा नाही. आरडीएक्स म्हणजे काय, हे जंजीरला मरेपर्यंत कळलं नव्हतं. बॉम्ब शोधणाऱ्या कुत्र्याला लहानपणापासून एवढंच शिकवलेलं असतं की अमुक वास सापडला की गुपचूप बसायचं. भुंकायचं नाही, पंजा मारायचा नाही, कारण पंजा मारण्याची ती जागा नव्हे. बसलं की लाडका चेंडू मिळतो किंवा पाठ थोपटली जाते. कुत्र्याच्या लेखी हा लपाछपीचा डाव. स्कूटरच्या डिकीत एक शहर उद्ध्वस्त करणारी वस्तू आहे हे पट्ट्याच्या या टोकाला ठाऊक असतं. त्या टोकाला फक्त चेंडू असतो. पट्ट्याच्या दोन टोकांना दोन वेगळे उद्योग चालू असतात, आणि तरी काम होतं.

डाव हरत राहिला तर मात्र कुत्रा खचतो. न्यूयॉर्कचे जुळे मनोरे पडले तेव्हा ढिगाऱ्यात जिवंत माणसं शोधायला आणलेल्या कुत्र्यांना दिवसच्या दिवस कुणी जिवंत सापडेना. कुत्री मलूल झाली. तेव्हा त्यांना सांभाळणारे आपल्यातल्याच कुणाला तरी मुद्दाम ढिगाऱ्यात लपवत आणि कुत्र्याला ‘सापडू’ देत. सापडला की कौतुक, चेंडू, शेपटी पुन्हा वर. एवढ्या दुःखात कुणाला तरी कुत्र्याचं मन राखायचं सुचलं, हे मला त्या सगळ्या हकिगतीत फार मोठं वाटतं.

चेंडूपायी कुत्रा काय शोधेल याला धरबंध नाही. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर टकर नावाचा एक काळा कुत्रा होता. शास्त्रज्ञ त्याला होडीच्या नाळेवर उभा करत आणि तो पाण्यावर तरंगणारी ओर्का देवमाशांची विष्ठा वासावरून दुरूनच दाखवून देई. मासे काय खातात, उपाशी आहेत का, गाभण आहेत का, हे माशांना हातही न लावता तिच्यातून कळतं. टकर मान वळवी तशी होडी वळवायची. आणि स्वारीला पाण्यात उतरणं मुळीच पसंत नव्हतं. साहेबांनी होडीत उभं राहून बोट दाखवायचं आणि डॉक्टरेट झालेल्या मंडळींनी वाकून घाण उचलायची, अशी ती कामाची वाटणी होती.

डॉक्टरांचीही कुत्र्याने अशीच पंचाईत केलेली आहे. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लंडनच्या दोन डॉक्टरांचं एक पत्र छापून आलं. एका बाईंचा कुत्रा त्यांच्या पायावरचा एकच तीळ सारखा हुंगायचा, पँटीवरूनसुद्धा. बाकीच्या तिळांकडे ढुंकून पाहायचा नाही. एकदा बाईंनी आखूड चड्डी घातली होती, तर त्याने तो तीळ चावून काढायचा प्रयत्न केला. तेव्हा बाई डॉक्टरांकडे गेल्या. तो त्वचेचा कॅन्सर निघाला. वेळेवर काढला गेला.

पुढे इंग्लंडमध्येच अॅमरशॅम इथल्या डॉक्टरांनी सहा कुत्र्यांना मूत्राशयाच्या कॅन्सरचा वास लघवीतून ओळखायला शिकवलं. २००४ साली निकाल छापला. सात नमुन्यांतून एक निवडायचा होता. नुसत्या अंदाजाने शंभरात चौदा वेळा बरोबर आलं असतं, कुत्र्यांचं एक्केचाळीस वेळा आलं. हे काही डोळे दिपवणारं नाही, आणि कुत्रा आता पॅथॉलॉजी लॅब बंद पाडणार म्हणून जे सांगत सुटतात त्यांनी हा आकडा नीट पाहावा. पण त्या प्रशिक्षणात घडलेली एक गोष्ट आकड्यांत मावत नाही. एका निरोगी माणसाचा म्हणून घेतलेला नमुना होता. सगळी तपासणी झालेली, काही दोष नाही. कुत्रे एकामागून एक येत आणि त्याच नमुन्यापाशी बसत. चूक, चूक, असं त्यांना सांगून झालं. तरी बसत. शेवटी त्या माणसालाच पुन्हा तपासलं, तेव्हा त्याच्या मूत्रपिंडात कॅन्सर सापडला.

त्या कुत्र्यांचं मला विशेष कौतुक वाटतं ते एवढ्यासाठी की आपल्या माणसाची मर्जी मोडून ते नाकाला धरून राहिले. कुत्र्याच्या जातीला हे अवघड जातं. हे मी आमच्या तांबूवरून सांगू शकतो.

तांबू गावठी आहे. त्याला संध्याकाळी फिरायला नेणं म्हणजे एका विजेच्या खांबापासून दुसऱ्या विजेच्या खांबापर्यंत जाणं. हुंगण्यात वेळ घालवू दिला तर कुत्री जास्त आशावादी होतात, असं एका अभ्यासात दिसून आलं आहे. माझा तांबूच्या आशावादाला पाठिंबा आहे, पण मुकादमासारखं खांबाशी उभं राहणाऱ्या माझ्याकडे लोक कोणत्या नजरेने पाहतात ते मलाच ठाऊक.

तर गेल्या उन्हाळ्यात आमच्या इमारतीत एक गुन्हा घडला. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी गच्चीत दोन जुन्या साड्यांवर कुरडया वाळत घातल्या होत्या. दुपारून पाहतात तो एका साडीवरच्या कुरडया गायब. आता गच्चीतल्या वाळवणाविरुद्ध तिसऱ्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांनी सोसायटीकडे लेखी तक्रार दिलेली होती. प्राणायामाला बसलं की श्वासाबरोबर चिकाचा आंबूस वास आत जातो, अशी. त्यामुळे हेतू उघड होता. पुरावा तेवढा नव्हता. कुणीतरी तांबूचं नाव सुचवलं. मी नको म्हणत होतो, बायकोने त्याला गच्चीत नेलंसुद्धा.

रिकामी साडी त्याच्या नाकाला लावली. तांबूने ती मनापासून हुंगली, चाटली, मग मान वर करून आमच्याकडे पाहिलं. सगळी सोसायटी श्वास रोखून जिन्याकडे पाहत होती. तांबूनेही जिन्याकडे पाहिलं. मागे वळून पुन्हा आमच्याकडे पाहिलं. काकूंची मान नकळत हलली असावी. तो खाली उतरला, आम्ही सगळे मागून, आणि तिसऱ्या मजल्यावर वकीलसाहेबांच्या दारापुढे जाऊन ऐटीत बसला. जिन्यात जो जल्लोष झाला तो ऐकून त्याला आपण काहीतरी थोर केल्याचं कळलं आणि त्याने शेपटीने वकीलसाहेबांची रांगोळी पुसून टाकली.

हा प्रयोग आमच्या आधी कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठाने केलेला आहे, कुरडयांशिवाय. २०११ साली तो छापून आला. एका चर्चमध्ये कुत्रा आणि त्याला हाताळणारा हस्तक अशा अठरा जोड्या नेल्या. कुठेही अमली पदार्थ नव्हते, स्फोटकं नव्हती, काहीच नव्हतं. हस्तकांना मात्र सांगितलं होतं की लाल कागद चिकटवलाय तिथे वास असेल. सव्वादोनशे वेळा ‘सापडलं, सापडलं’ अशी नोंद झाली, आणि लाल कागदापाशी ती जास्त झाली. खूण कुत्र्यांनी दिली की हस्तकांना दिसली, हे सोडवून सांगता येत नाही. मला तर तो प्रश्नच नीटसा पटत नाही. कुत्रा हजारो वर्षं माणसाच्या चेहऱ्याकडे बघत आला आहे. नाकाला काही मिळालं नाही तर तो आपलं तोंड हुंगतो म्हणा ना. त्याने ओळखलेला संशय आपला असतो आणि नाव त्याचं होतं.

पुढच्या रविवारी सोसायटीची बैठक झाली. वकीलसाहेब कागद घेऊनच आले होते. सर्वोच्च न्यायालयापुढे १९६९ साली महाराष्ट्रातलंच एक प्रकरण आलं होतं, दफेदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य. त्यात कुत्र्याने काढलेल्या मागाला पुरावा म्हणून किती वजन द्यायचं याचा ऊहापोह आहे. कुत्र्याला पिंजऱ्यात उभं करून शपथ देता येत नाही, त्याची उलटतपासणी घेता येत नाही, त्याच्या वतीने हस्तक बोलणार म्हणजे ती ऐकीव साक्ष झाली, आणि माणसाचं स्वातंत्र्य कुत्र्याच्या अनुमानावर टांगून ठेवणं बरं नव्हे, असे आक्षेप तिथे मांडलेले आहेत. अशा पुराव्याला फारसं वजन देऊ नये, हा त्याचा मथितार्थ. काकू म्हणाल्या, ‘न्यायालयाचं राहू द्या, कुरडयांचं बोला.’

‘बोलतो,’ वकीलसाहेब म्हणाले. ‘उलटतपासणी घेता येत नाही असं म्हणतात. आपण घेऊन पाहू.’ त्यांनी खिशातून मारी बिस्किटांचा पुडा काढला, दारापासून थोड्या अंतरावर उभ्या असलेल्या काकूंच्या नातवाच्या हातात एक बिस्किट दिलं आणि तांबूला विचारलं, ‘कुरडया कुणी नेल्या?’ तांबू नातवापुढे जाऊन बसला. बिस्किट खाऊन झाल्यावर दुसरं बिस्किट त्यांनी माझ्या हातात दिलं. तांबू माझ्यापुढे येऊन बसला. तिसरं अध्यक्षांच्या हातात होतं.

‘इतिवृत्तात लिहा,’ वकीलसाहेब सचिवांना म्हणाले, ‘साक्षीदार फितूर.’